हात मागे, नजर कुलपावर

खिट्टी : हात मागे. बघ, पुन्हा पुढे आला.

कुरिअरवाला : अगं, नाकाला खाज आली.

खिट्टी : येऊ दे. बाबांसमोर कुलपाला बोट लावलंस की तिथेच सगळं आटोपलं. हात मागे बांधायचे आणि नुसतं बघून सांगायचं. आता हे काय आहे?

कुरिअरवाला : कुलूप.

खिट्टी : भिंतभर कुलपंच टांगलीत, दुकानच कुलपांचं आहे. कुठलं कुलूप?

कुरिअरवाला : थांब, चिडू नकोस. डबीसारखं गोल. वरची दांडी जवळजवळ पोटातच. म्हणजे हे गोल कुलूप. पहार अडकवायला जागाच नसते, म्हणून गोदामांना लावतात.

खिट्टी : बरोब्बर. आणि त्याच्या खालचं?

कुरिअरवाला : किल्लीचं भोक वर गोल आणि खाली चीर. लिव्हरचं. किल्ली लांब दांड्याची, टोकाला झेंडा.

खिट्टी : बाबांसमोर झेंडा म्हणू नकोस. पातं म्हणायचं.

कुरिअरवाला : मला झेंडाच दिसतो गं.

खिट्टी : दिसू दे, तोंडाने पातं म्हण. हे शेजारचं?

कुरिअरवाला : वाकडीतिकडी बारीक फट. पिनांचं. चपटी किल्ली, करवतीसारखे दात. आठवडाभर हेच घोकतोय मी. परवा एका बाईंना पार्सल द्यायला गेलो, तर म्हणाल्या, काय हो पुटपुटताय? म्हटलं, तुमचं दार पिनांचं आहे. त्यांनी पार्सल न घेताच दार लावून घेतलं.

खिट्टी : हसवू नकोस, बाबा वर बूट घालतायत. ऐकू जाईल.

कुरिअरवाला : रस्त्याच्या टोकापर्यंत जायला बूट?

खिट्टी : ह्या फेरीला ते बूटच घालतात. मला मागणी घालायला आलेल्या आधीच्या दोघांच्या वेळीही घातले होते.

कुरिअरवाला : त्या दोघांचं नक्की झालं काय, ते तू मला कधी धड सांगितलंच नाहीस.

खिट्टी : पहिला कोपऱ्यापर्यंतच टिकला. आकड्यांच्या कुलपाला कुठली किल्ली लागते ते बाबांना समजावून सांगायला लागला.

कुरिअरवाला : आणि दुसरा?

खिट्टी : दुसऱ्याने एकूण एक ओळखली. एकही चुकलं नाही. मी दुकानात होते, मला ते येऊन सांगितलं त्यानेच, छाती फुगवून. तो गेला, बाबांनी बूट काढले आणि म्हणाले, नाही.

कुरिअरवाला : का?

खिट्टी : ते मला अजून माहीत नाही. विचारलं की कानस घेऊन कामाला बसतात.

कुरिअरवाला : म्हणजे ओळखलं तरी नाही, न ओळखलं तरी नाही. मग मी काय करू?

खिट्टी : तू ओळख. पुढचं पुढे. आजोबांनीही बाबांना असंच फिरवलं होतं ह्याच रस्त्यावरून. आईचे वडील. दुकान त्यांचं.

कुरिअरवाला : म्हणजे काका घरजावई?

खिट्टी : हा शब्द आज तोंडातून काढलास तर मीच नाही म्हणेन. कारागीर होते ते. आणि एक ऐकून ठेव. मला दुसरा कोणी नकोय. तूच हवायस. पण बाबांना डावलून मी काही करणार नाही. आई गेल्यावर मला ह्या टेबलापाशी उभं त्यांनी केलं, स्वतःच्या बहिणींच्या टोमण्यांना तोंड देऊन. आत्या तर अजून म्हणते, पोरीच्या हातात बांगड्या हव्यात, कानस कसली देतोस. म्हणून त्यांचं हो हवं मला. नीट बघ.

कुरिअरवाला : असं बोललीस की सगळं विसरायला होतं. पिनांची फट गोल की वाकडी?

खिट्टी : वाकडी. बाबा आले. हात.

(बाबा जिना उतरून येतात. तिघं दुकानाबाहेर पडून रस्त्याला लागतात.)

बाबा : काय पाहुणे, चोर पकडून नेतायत तसे हात का बांधलेत?

खिट्टी : बाबा, नियम तुमचाच आहे.

बाबा : कुलपासमोर. चालताना नाही. पडतील कुठेतरी. तुम्ही मोकळे चाला हो. हं, हे निळं दार. थांबा आणि सांगा.

कुरिअरवाला : बाहेर नाण्याएवढं गोल तोंड, मधे फट. नाइट लॅच. आतल्या बाजूला पेटी असते, दार ओढलं की आपोआप बसतं.

बाबा : पेटी तर इथून दिसत नाही. पुस्तकात वाचलंत?

कुरिअरवाला : नाही काका. ह्याच दाराने शिकवलं. मी पार्सल घेऊन आलो, बाई सही करायला बाहेर आल्या आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं. किल्ली आत, गॅसवर दूध आत, आणि बाई बाहेर, एका पायात चप्पल. मीच तुमच्या दुकानात पळत आलो होतो.

बाबा : मग मी का नाही ओळखत तुम्हाला?

खिट्टी : तुम्ही जेवायला गेला होतात, बाबा. मी आले होते उघडायला.

बाबा : असं होय. म्हणजे ह्या लॅचपायी आज माझ्या पायात बूट आहेत.

खिट्टी : चला पुढे.

बाबा : जातोय. हे बघा, वह्या-पेनांचं दुकान. आज बंद आहे.

कुरिअरवाला : शटर. दोन्ही बाजूंना दोन कुलपं. डावीकडचं गोल. उजवीकडचं लिव्हरचं, किल्लीला लांब दांडा आणि टोकाला झें... पातं.

बाबा : काय म्हणालात?

कुरिअरवाला : पातं.

बाबा : त्याआधी काय म्हणत होतात?

कुरिअरवाला : झेंडा.

बाबा : हं. झेंडाच दिसतो. सासऱ्यांसमोर मला पातं म्हणावं लागलं होतं. बरं, ह्यातलं रोज कुठलं उघडतात?

कुरिअरवाला : डावं. भोकाभोवती घासून घासून चकाकी आलीये. उजव्याच्या भोकात कोळ्याने घर केलंय. ते नुसतं शोभेला.

बाबा : हे खिट्टीने शिकवलं?

खिट्टी : शप्पथ नाही. मी एवढं सांगितलंच नव्हतं.

कुरिअरवाला : दिवसभर दारांसमोरच उभा असतो काका. दार उघडेपर्यंत बघायला दुसरं असतं काय?

बाबा : आणि ही कचेरी?

कुरिअरवाला : किल्ली नाहीच. बटणं दाबून उघडतं.

बाबा : ह्याला मी कुलूप म्हणत नाही. ह्याला फोन म्हणतो.

कुरिअरवाला : पण काका, चारच बटणं झिजलीत बघा. बाकीची कोरी करकरीत आहेत. दोन, पाच...

खिट्टी : अरे, मोठ्याने काय सांगतोस भर रस्त्यात.

बाबा : बोलू दे गं. मी आठ दिवस झाले त्या साहेबांना हेच सांगतोय, आकडा बदला, आकडा बदला. म्हणतात, पाठ झालाय. बरं, आता हे. घाई करू नका. नीट बघा.

कुरिअरवाला : साधं लटकतं कुलूप. जाड दांडी. पिनांचं.

बाबा : फट बघा.

कुरिअरवाला : फट... वाकडीतिकडी नाही. अर्ध्या चंद्रासारखी आहे.

बाबा : मग?

खिट्टी : एहेम.

बाबा : खोकल्याला औषध घे, खिट्टे. त्यांना बघू दे.

कुरिअरवाला : खोकून उपयोग नाही, काका. मला हे येत नाही. असं मी कधी बघितलंच नाही, किंवा बघितलं असेल तर माझं लक्ष नव्हतं.

बाबा : काहीतरी ठोकून द्या की.

कुरिअरवाला : नाही. उगीच उंटावरचं शहाणपण कशाला? माहीत नाही.

बाबा : चकत्यांचं आहे. आत चकत्या असतात, एकीला एक लागून. किल्ली घालून फिरवली की सगळ्यांच्या खाचा एका रांगेत येतात आणि दांडी सुटते. पिना नाहीत, त्यामुळे चोराला खुडबुड करायला काही सापडत नाही. जड गेलं का, माहीत नाही म्हणायला?

कुरिअरवाला : आमच्या कामात दिवसभर तेच चालतं. शेजारचे कुठे गेलेत, माहीत नाही. कधी येतील, माहीत नाही. पार्सलमधे काय आहे, ते तर मुळीच माहीत नाही.

खिट्टी : बाबा, एकच चुकलंय.

बाबा : मी काही बोललो का? चल. ह्या घराचं दार बघा. कुलूप सोडा, ते लिव्हरचं आहे, तुम्ही सांगणारच. भोकाभोवती एवढे चरे कसले पडलेत, ते सांगा.

कुरिअरवाला : इथे आजी राहतात. हात थरथरतो त्यांचा. किल्ली भोकाशी येते आणि घसरते, येते आणि घसरते. मी असलो की त्यांच्या हातातली पिशवी धरतो, मग त्या दोन्ही हातांनी किल्ली लावतात. मला लावू देत नाहीत. एकदा म्हटलं, द्या मी उघडतो, तर म्हणाल्या, पार्सल दे आणि नीघ.

बाबा : आजी आहेत होय. मी इतकी वर्षं समजत होतो, इथे कोणीतरी रोज पिऊन येतो.

खिट्टी : काय हो बाबा.

बाबा : चऱ्यांवरून माणूस कसा कळणार? हात अस्थिर आहे एवढंच कळतं. भोकाभोवती एक पितळी वाटी बसवली पाहिजे, उतरती. किल्ली घरंगळत आपोआप भोकात जाईल. उद्या ये गं मापं घ्यायला. पैशाचं काढू नकोस त्यांच्याकडे, त्या तुलाही नीघ म्हणतील.

खिट्टी : येते. पण आधी आजचं काय ते सांगा ना. रस्ता संपत आला.

बाबा : सांगतो. पाहुणे, तुमच्या आधी एकजण आला होता. सगळी ओळखली त्याने, चकत्यांचंसुद्धा.

खिट्टी : आणि तुम्ही नाही म्हणालात. का, ते आज तरी सांगा.

बाबा : इथेच, ह्याच झाडाखाली उभा राहून मला म्हणाला, काका, काळजी करू नका, लग्न झालं की हिला ते लोखंड घासत बसावं लागणार नाही. मी ठेवीन आरामात.

खिट्टी : हे मला सांगितलंच नाहीत.

बाबा : तुला सांगितलं असतं तर तू कानस घेऊन त्याच्या घरी गेली असतीस.

खिट्टी : गेलेच असते. आराम म्हणे.

बाबा : मी वाईट म्हणत नाही त्याला. त्याला वाटलं मी खूश होईन. पण हिचा हात कुलपावर बसलाय. असा हात माझ्याही वाट्याला आला नाही, सासऱ्यांचा होता तसा. तो आरामात ठेवायचा म्हणजे काय करायचं? तर पाहुणे, तुम्ही बोला. तुमचं काय म्हणणं?

कुरिअरवाला : मला छान बोलता येत नाही काका. त्या निळ्या दाराशी ही आली ना, जमिनीवर मांडी ठोकून बसली. दातात टॉर्च. आणि बोलत होती. मला वाटलं माझ्याशी, म्हणून मी उत्तरं देत होतो. तर ती लॅचशी बोलत होती. ये की रे, असा काय करतोस, दूध उतू जाईल तिचं. आणि ते उघडलं. मी तिथेच उभा. त्या दिवशी सगळी पार्सलं उशिरा पोचली, साहेबांनी झापलं. हिने ते काम सोडलं तर मी कुणासमोर उभा राहून बघू?

खिट्टी : तू उत्तरं देत होतास?

कुरिअरवाला : तू ‘ये की रे’ म्हणालीस, मी ‘आलो’ म्हणालो.

बाबा : बरं, बरं. मी अजून इथेच आहे. आणखी काही सांगायचंय?

कुरिअरवाला : एक आहे. पण सांगितलं तर मार्क जातील.

बाबा : गेले तर जातील. बोला.

कुरिअरवाला : एक कुलूप मला अजिबात ओळखता आलेलं नाही. तुम्ही विचारलं नाहीत अजून. पण शेवटी विचारणार असं वाटतंय, म्हणून निळ्या दारापासून माझं अर्धं लक्ष त्याच्यातच आहे.

खिट्टी : चकत्यांचं झालं की सांगून.

कुरिअरवाला : ते नाही गं. तुमच्या दुकानाचं.

बाबा : आमच्या दुकानाचं?

कुरिअरवाला : निघताना मी वळून वळून बघितलं. शटर खाली ओढलेलं. मधे काही नाही, डावीकडे काही नाही, उजवीकडे कडीकोयंडा मोकळाच. म्हटलं, कुलपवाल्यांचं दुकान, काहीतरी जबरदस्त असणार, बाहेरून दिसतच नाही असं. विचारणार होतो, पण आरंभालाच अडाणीपणा नको म्हणून गप्प बसलो.

बाबा : खिट्टे.

खिट्टी : बाबा.

बाबा : तू लावलंस ना?

खिट्टी : शेवटी तुम्ही बाहेर पडलात.

बाबा : शटर मी ओढलं. कुलूप नेहमी तू लावतेस.

खिट्टी : नेहमी तुम्ही आधीच वर गेलेले असता म्हणून मी लावते. आज तुम्ही शटरपाशी होतात, मला वाटलं...

बाबा : मी बुटांकडे बघत होतो.

खिट्टी : मी ह्याच्या हातांकडे.

बाबा : आणि आत खुंटीवर गिऱ्हाइकांच्या किल्ल्या आहेत.

कुरिअरवाला : कसल्या किल्ल्या?

खिट्टी : लोकांच्या घरांच्या. नक्कल करायला ठेवून गेलेत. अर्ध्या रस्त्याची घरं टांगलीत तिथे, चिठ्ठ्यांवर पत्ते लिहून.

कुरिअरवाला : मी पुढे पळतो. काका, तुम्ही सावकाश या.

बाबा : अहो, पण... गेला. केवढा पळतो हा.

खिट्टी : दिवसभर जिने चढतो. चला बाबा, माझा हात धरा.

बाबा : हे बूट चालायलाच देत नाहीत, पळायला कुठले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सगळा रस्ता दुसऱ्यांची कुलपं तपासत हिंडलो.

खिट्टी : काही गेलं असेल तर लोकांना काय तोंड दाखवायचं?

बाबा : काही बोलू नकोस. मला धाप लागते. तुझ्या आजोबांच्या हयातीत एकदाही... हळू गं, नाडी सुटली.

खिट्टी : राहू दे नाडी. तो दिसतोय का बघा. मला गर्दीत दिसत नाही.

बाबा : दिसतोय. शटरला पाठ लावून, हात पसरून उभा आहे. कोंबड्यांच्या खुराड्यापुढे उभं राहावं तसा.

खिट्टी : अरे, आत काय आहे? बघितलंस?

कुरिअरवाला : नाही. शटर जसं होतं तसंच आहे. मी हात लावला नाही.

बाबा : आत जाऊन नाही बघितलंत?

कुरिअरवाला : तुम्ही नसताना कसा जाणार? आत लोकांची घरं टांगलीयत म्हणाली ना ही. एक गृहस्थ आले, म्हणाले उघडा. म्हटलं, मालक येतायत, थांबा. ते गेले. मला दाराबाहेर थांबायची सवय आहे, काका.

खिट्टी : बाजूला हो. बाबा, वर घ्या शटर. खुंट्या... ही आहे, ही आहे, डॉक्टरीणबाईंची आहे, गिरणीवाल्यांची आहे. सगळ्या आहेत. बाबा, सगळ्या आहेत. गल्लाही आहे तसाच.

बाबा : बसू दे मला जरा.

खिट्टी : पाणी देऊ?

बाबा : पाणी नको. पाहुणे, तुम्ही पायरीवरच थांबा. तिथूनच दिसतात ना भिंतीवरची सगळी?

कुरिअरवाला : दिसतात.

बाबा : मग एक शेवटचं विचारतो. आमचं रोजचं कुलूप खिळ्यावर लटकलंय, आणि आम्हाला त्याची एवढी सवय झालीये की ते लावलं नाही हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. ते आता पुरे. ह्या शटरला नवीन कुठलं लावू? बघून सांगा.

खिट्टी : सांग. नीट बघ.

कुरिअरवाला : चकत्यांचं सांगणार होतो, आजच शिकलोय म्हणून. पण नको. खालच्या रांगेतलं ते गोल. पहार लागत नाही त्याला. आणि मुख्य म्हणजे त्याच्यासोबत दोनच किल्ल्या बांधल्यात. एक तुमच्याकडे, एक हिच्याकडे. जो शेवटी बाहेर पडेल त्याने लावायचं. मग मला वाटलं तू, मला वाटलं तुम्ही, हे बंद.

बाबा : आणि तुमच्याकडे?

कुरिअरवाला : मला कशाला? मी बाहेरून हाक मारीन. तेच तर काम आहे माझं.

बाबा : लग्न झाल्यावरही?

कुरिअरवाला : काका, म्हणजे...

खिट्टी : बाबा.

बाबा : तू काय बघत बसलीस? ते गोल उतरव आणि मशीन चालू कर. तिसरी किल्ली काप.

खिट्टी : कापते. बाबा, लगेच कापते.

बाबा : सावकाश काप. दात नीट पडले पाहिजेत. आणि तू रे, पायरीवर काय उभा राहिलास? खुर्चीवरची ती खोकी खाली ठेव आणि बस आत.